वल्ह्याची कनू आणि लेक ट्राउट: मेमध्ये वर, जुलैमध्ये खोल

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोरंटोजवळ राहणारे दोघे मित्र मेच्या लाँग वीकेंडला आणि पुन्हा जुलैमध्ये कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या अल्गॉनक्विन पार्कात जाणार आहेत. सोबत भाड्याची १६ फुटी कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद, हलकी होडी. मोटर नाही, डाउनरिगर (जड गोळ्याने आमिष खोल नेणारं यंत्र) नाही. मालवणला यांत्रिक होडीमागे रापाला (माशाच्या आकाराचं नकली आमिष) ओढून सुरमई पकडण्याची सवय आहे. लेक ट्राउटसाठी कनूतून तसं ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढणं, जमेल का, सामान काय घ्यायचं आणि कनू उलटणार नाही ना?

जमेल, आणि चांगलं जमेल. फक्त मालवणचा वेग डोक्यातून काढून टाका. सुरमई धावत्या आमिषावर झडप घालते, म्हणून तिथे होडी ताशी ८-१० किलोमीटरने पळवतात. लेक ट्राउट थंड पाण्यातला, सावकाश वाढणारा मासा आहे. त्याच्यासमोरून आमिष ताशी अडीच ते साडेतीन किलोमीटरने गेलं पाहिजे. दोघांनी सहज वल्हवलेली कनू ताशी पाचच्या आसपास जाते, म्हणजे तुम्हाला मुद्दाम हळू वल्हवावं लागेल. नवख्यांना मासा न मिळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. वेग जास्त, म्हणून आमिष वर उचललं जातं, आणि मासा खालीच राहतो.

मुळात या माशाला सुमारे १० अंश सेल्सियसचं, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. ८ ते १२ अंशांच्या पट्ट्यात तो सुखात असतो. बर्फ वितळल्यावर, म्हणजे अल्गॉनक्विनमध्ये साधारण एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात, सगळं तळं वरपासून खालपर्यंत एकसारखं थंड असतं आणि ट्राउट कुठेही, अगदी काठाजवळ हातभर पाण्यातही सापडतो. पृष्ठभाग तापू लागला की गरम पाण्याचा थर वर आणि थंड पाणी खाली असे दोन मजले होतात. मधल्या पट्ट्यात तापमान झपाट्याने उतरतं. जुलैत ट्राउट या पट्ट्याच्या खाली उतरलेला असतो, बहुधा १० ते १८ मीटरवर. म्हणून तुमच्या दोन सहली म्हणजे दोन वेगळ्या मासेमाऱ्या आहेत. मेचं सामान जुलैत तसंच वापरलं तर दिवसभर व्यायाम होईल, एवढंच.

मेची सहल आधी घेऊ, कारण ती सोपी आहे. साडेसहा फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड पुरे. कनूत याहून लांब रॉड अडचणीचा होतो, कारण मासा जवळ आणताना टोक फार दूर राहतं आणि जाळी पोचत नाही. रीळवर ८ ते १० पौंडाचं साधं नायलॉन, म्हणजे आपलं तंगूस. आमिष म्हणून १० ते २० ग्रॅमचा स्पून, म्हणजे चमच्यासारखा वाकलेला चकचकीत पत्रा. विल्यम्स वॉब्लर हा कॅनडातला जुना, भरवशाचा स्पून आहे. अर्धा चांदी-अर्धा सोनेरी रंग घ्या, तोच सर्वांत जास्त चालतो. दुसरं आमिष ११ सेंटिमीटरचा तरंगणारा रापाला, चंदेरी-काळा. तो तुमच्याकडे आधीच असेल, पण सुरमईचे मोठे, खोल बुडणारे डायव्हर घरीच ठेवा. डझनभर आमिषं नेण्यापेक्षा तीन-चारच न्या आणि त्यांचा वेग नीट ओळखा.

स्पूनच्या ८०-१०० सेंटिमीटर पुढे बॉल बेअरिंगचा चांगला स्विव्हल, म्हणजे फिरणारी जोडकडी, लावायचाच. स्वस्तातला स्विव्हल फिरत नाही, तंगूसला पीळ बसतो आणि दुपारपर्यंत रीळवर गुंत्यांचा घरटा होतो. पीळ बसलाच तर तो काढायची सोय कनूत आयतीच आहे. आमिष आणि स्विव्हल काढून नुसतं तंगूस ५०-६० मीटर मागे सोडा आणि पाच मिनिटं वल्हवत राहा. पाणीच पीळ उलगडतं.

आमिष पाण्यात सोडण्याआधी ते कनूशेजारी मीटरभर तंगुसावर ओढून बघा. स्पून डावी-उजवीकडे लचकत चालला पाहिजे. तो पूर्ण गोल फिरू लागला तर वेग जास्त आहे, नुसताच लोंबकळला तर कमी. त्या वेगाची लय हाताला लागू द्या. पुढे दिवसभर रॉडचं टोक तुम्हाला तेच सांगत राहतं: ठरावीक तालात थरथरतंय तर सगळं ठीक. थरथर थांबली तर स्पूनला शेवाळ किंवा काटकी अडकली आहे, वर घ्या. अशी काटकी घेऊन अर्धा तास वल्हवणारे पुष्कळ असतात.

मागे किती तंगूस सोडायचं? मेमध्ये ३० ते ४५ मीटर. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि वारा शांत असेल तर जास्त, पाण्यावर लाटांची सुरकुती असेल तर कमी. अंदाजाने सोडू नका. रीळवर तंगूस पसरवणारी कडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते तेव्हा किती मीटर सुटतं ते घरी मैदानावर मोजून ठेवा. तशी कडी नसलेलं रीळ असेल तर दर १० मीटरवर पक्क्या शाईने खूण करा. मासा लागला की तेवढ्याच लांबीवर पुन्हा आमिष नेता आलं पाहिजे.

मेमध्ये जागा शोधताना काठाला समांतर जा, पण काठाला चिकटून नको. तळ ३ मीटरवरून १० मीटरवर उतरतो त्या उताराच्या कडेने चालायचं. खडकाळ टोकं, बुडालेले उंचवटे, ओढा तळ्याला मिळतो ती जागा, आणि वारा ज्या काठावर आदळतोय तो काठ. सरळ रेषेत वल्हवू नका, सावकाश नागमोडी जा. वळणाच्या आतल्या बाजूचं आमिष मंदावून खाली बसतं, बाहेरच्या बाजूचं वेग घेऊन वर येतं. कोणत्या बाजूला झटका आला हे लक्षात ठेवा, त्यावरून माशांना हळू हवंय की जलद, खोल हवंय की वर, हे कळतं. वल्ह्याच्या प्रत्येक मारासरशी आमिष किंचित पुढे उसळतं आणि मग सैल पडतं. मोटरवाल्यांना हे आयतं मिळत नाही, आणि पुष्कळदा झटका त्या सैल क्षणीच येतो.

(मेच्या लाँग वीकेंडला चावणाऱ्या काळ्या माश्या असतात. डोक्यावरची जाळी आणि फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे नेले नाहीत तर मासेमारीकडे लक्षच राहणार नाही.)

आता जुलै. इथे पहिलं काम मासा शोधणं नाही, १० अंशांचं पाणी शोधणं. मासेमारीसाठी पेला लावलेला थर्मामीटर मिळतो. वजन बांधून दोरीने ६ मीटरवर सोडा, तीन-चार मिनिटं थांबा, झपकन वर ओढून लगेच वाचा. मग ८, १०, १२ मीटर. जिथे पारा १०च्या आसपास येतो ती खोली वहीत टाका. ती तळ्यातळ्यानुसार बदलते, पण एका तळ्यात दोन-तीन दिवसांत फारशी हलत नाही. मग त्या खोलीवर जिथे तळ किंवा उंचवटा भेटतो, ती तुमची जागा. खोलीचे नकाशे ऑन्टारियो सरकारच्या ‘फिश ऑन-लाइन’ या नकाशात बऱ्याच तळ्यांसाठी मिळतात. खोली दाखवणारा छोटा बॅटरीवरचा सोनार असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

आमिष तिथपर्यंत न्यायचे कनूला झेपणारे दोन मार्ग आहेत.

पहिला लेडकोअर, म्हणजे आत शिशाची तार असलेली विणलेली दोरी. दर १० यार्डांना, म्हणजे ९ मीटरला, तिचा रंग बदलतो, त्यामुळे मोजणं सोपं. ताशी ३ किलोमीटरला एक रंग साधारण दीड मीटर खाली नेतो, त्याहून हळू गेलात तर दोन मीटरपर्यंत. १२ मीटरसाठी सात-आठ रंग सोडावे लागतात. पुढे ६ ते ८ मीटर फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोरीचा) लीडर, म्हणजे आमिषाआधीचा तुकडा, १० ते १२ पौंडाचा. लेडकोअर सुरेख शांत चालतो आणि आमिषाला नैसर्गिक हालचाल देतो. पण मोठं रीळ लागतं, ६०-७० मीटर दोरी गुंडाळायला वेळ लागतो, आणि वळताना आमिष कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. कनू थांबली की सगळी दोरी तळावर जाऊन बसते. एकट्या माणसाला हे फार त्रासाचं.

दुसरा मार्ग तीन कड्यांच्या स्विव्हलचा, आणि तुम्हा दोघांसाठी मी हाच सांगेन. एका कडीला रीळवरची दोरी, २० पौंडाची विणलेली ब्रेड. दुसऱ्या कडीला ६० सेंटिमीटरचा कमी ताकदीचा तुकडा आणि त्याच्या टोकाला ८५ ते ११५ ग्रॅमचं वजन. तिसऱ्या कडीला दीड-दोन मीटरचा फ्लुरोकार्बन आणि हलका, पातळ स्पून. वजनाचा तुकडा ६ पौंडाचाच ठेवा, म्हणजे वजन खडकात अडकलं तर तेवढंच तुटतं, बाकी सगळं परत येतं. ब्रेड बारीक असल्याने पाणी कमी अडवते, म्हणून खोल जाते. पण ती ताणली जात नाही आणि झटक्यात माशाचं तोंड फाटू शकतं. त्यामुळे ब्रेड आणि स्विव्हल यांच्यामध्ये ४-५ मीटर नायलॉन जोडा.

याचा मोठा फायदा म्हणजे खोलीचा हिशोब डोळ्यांनी करता येतो. दोरी पाण्यात शिरते तिथे उभ्या रेषेपासून ४५ अंश कललेली दिसली तर खोली सोडलेल्या दोरीच्या सुमारे ०.७ पट. १२ मीटर हवे असतील तर १७ मीटर सोडा. ६० अंश कलली असेल तर खोली निम्मी, म्हणजे १२ मीटरसाठी २४ मीटर. दोरी पाण्यात सरळ नसते, खालच्या भागात जास्त उभी होते, म्हणून खरी खोली या हिशोबापेक्षा थोडी जास्तच भरते. उंचवट्याजवळ हे लक्षात असू द्या. ६० अंशांपेक्षा जास्त कलते आहे म्हणजे तुम्ही फार जलद जाताय. वजन वाढवण्याआधी हात आवरा.

आमिष माशाच्या पातळीवर किंवा मीटर-दोन मीटर वर ठेवा, खाली कधीच नको. ट्राउट वर बघत असतो, वरच्या आमिषासाठी तो उठतो, पण आपल्या खालून गेलेल्या वस्तूसाठी सहसा वळत नाही. शंका असेल तर एक मीटर वर.

डायव्हिंग प्लेट, म्हणजे पाणी कापत खोल जाणारी चकती, कनूसाठी नको. तिची ओढ इतकी असते की कनू वाकडी चालते आणि दुसऱ्याचा हात दुखून येतो. छोटा डाउनरिगर कनूला बसवणारे लोक आहेत, पण कडेला लोंबणारा तीन-चार किलोंचा गोळा तळाला अडकला की कनू तिरकी होते. तुम्ही तो विचारही करू नका.

दोन रॉड असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींत लांबीचा फरक १० मीटर तरी ठेवा. दोन्ही सारख्या लांबीवर असले की पहिल्याच वळणावर गुंततात. ऑन्टारियोतल्या अशा तळ्यांत माणशी एकच दोरी चालते, त्यामुळे तिसऱ्या रॉडचा मोह नको. रॉड होल्डर कडेला क्लॅम्पने बसवा, आपल्या गुडघ्यांच्या थोडा पुढे, हात सहज पोचेल असा. बसण्याच्या मागे बसवला की झटका आल्यावर माणूस वळतो, आणि वळणारा माणूस कनू हलवतो. भाड्याची कनू हलक्या केव्हलरची असेल तर क्लॅम्पखाली रबराचा तुकडा घाला. रॉडला पातळ दोरी बांधून ती आडव्या पट्टीला अडकवा, झटकन सुटेल अशा गाठीने. रॉड पाण्यात जातो तो बहुधा माशाने नाही, खडकाने ओढलेला.

ड्रॅग, म्हणजे ताण आल्यावर दोरी सुटू देणारा रीळचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच घट्ट. हे पक्कं करा, कारण कनू उलटण्याच्या गोष्टीत ड्रॅगचा वाटा मोठा आहे. ड्रॅग आवळलेला, आमिष खडकात रुतलेलं, मागून वारा, दोरी कडेवरून ताणलेली: कनू आडवी फिरते आणि कड पाण्याला लागते. सैल ड्रॅग असेल तर रीळ फक्त ओरडतं आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. अडकलं की कनू थांबवा, मागे फिरून अडकलेल्या जागेच्या पलीकडे जा आणि उलट दिशेने हळू ओढा. दहापैकी बऱ्याच वेळा सुटतं. ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, ती कातडी कापते.

मासा लागला की काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. झटका आल्यावर लगेच वल्हं टाकून रॉड उपसायचा नाही. चालत्या कनूनेच गळ रुतलेला असतो, आणखी दोन-तीन वल्ही मारा, मग रॉड उचला. ट्राउट आहे की खडक हे लगेच कळतं: खडक नुसता जड, ट्राउट डोकं झटकतो. दुसऱ्याने आपली दोरी आधी गुंडाळायची, मग वल्हं हातात घेऊन कनूला हळू चालती ठेवायची, दोरी सैल पडू द्यायची नाही. लढाई पुढच्या माणसाच्या समोर झाली तर सगळ्यांत बरं, कारण कनू माशाकडे तोंड करून आपोआप ओढली जाते. मासा कनूखाली घुसला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवा आणि कनूच्या टोकाला वळसा घालून दोरी दुसऱ्या बाजूला न्या. उभं राहून दोरी डोक्यावरून नेण्याचा विचारही करू नका.

जाळी रबराची, आखूड दांड्याची. जाळी पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि माशाला तिच्यावर आणा, जाळीने माशाचा पाठलाग करू नका. दोघांनीही गुडघ्यांवर बसायचं. एक जण कडेकडे झुकला की दुसऱ्याने जागचं हलायचं नाही, आणि कुतूहलाने त्याच बाजूला तर मुळीच झुकायचं नाही.

एकट्याने दोघांच्या कनूत जायचं असेल तर मागच्या सीटवर बसू नका. पुढचं टोक हवेत उचललं जातं आणि वारा ते वळवत राहतो. पुढच्या सीटवर उलट तोंड करून बसा आणि समोरच्या टोकात १०-१५ किलो वजन ठेवा, पाणी भरलेली ड्राय बॅग चालते. वारा वाढला की पार्कातल्या ओपिऑंगोसारखं मोठं तळं कनूसाठी राहत नाही. पहाटे जा, दुपारच्या वाऱ्याआधी काठ गाठा. जायच्या वेळी वाऱ्याविरुद्ध ट्रोल करा, म्हणजे थकल्यावर वारा घरी आणतो. वाऱ्यासोबत वेग फार होत असेल तर मागे वल्हं धरून ब्रेक लावता येतो.

मेमध्ये पाणी अजून जीवघेणं थंड असतं. उन्हात टी-शर्टवर बसलेला माणूस हे विसरतो. अशा पाण्यात पडल्यावरचा हिशोब कॅनडात १-१०-१ म्हणून शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे १ तास. लाइफजॅकेट कनूत असणं कायद्याने बंधनकारक आहे, पण सीटखाली ठेवलेलं त्या पहिल्या मिनिटात घालता येत नाही. अंगावर घाला. त्याशिवाय १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी हेही लागतं. तिन्ही एका छोट्या डब्यात मिळतात.

नियमांचं: ऑन्टारियोचं आउटडोअर्स कार्ड आणि मासेमारीचा परवाना दोघांनीही काढा. अल्गॉनक्विनमध्ये ट्राउटचा हंगाम एप्रिलअखेर उघडतो आणि ३० सप्टेंबरला बंद होतो, कारण त्यानंतर ते खडकाळ उथळ जागी अंडी घालतात. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून जवळ बाळगणंसुद्धा तिथे बेकायदा आहे. आतल्या भागात डबे आणि काचेच्या बाटल्याही नेता येत नाहीत. किती मासे ठेवता येतात हे त्या वर्षाच्या नियमपत्रकात तळ्याचं नाव घालून बघा, काही तळ्यांना वेगळे नियम आहेत. वजनं शिशाऐवजी टंगस्टन किंवा पोलादाची घ्या. तुटून पडलेलं शिसं लून पक्षी खडे समजून गिळतात आणि मरतात.

मासा कोणता हेही ओळखता आलं पाहिजे. लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली आणि गडद अंगावर फिके ठिपके. ब्रूक ट्राउटची शेपटी जवळजवळ सरळ आणि अंगावर निळ्या कड्यातले लाल ठिपके.

आकाराबद्दल फार आशा धरू नका, तो तळ्यावर ठरतो. ज्या तळ्यात सिस्को नावाचा चंदेरी मासा आहे तिथे ट्राउट मोठा होतो, जिथे नाही तिथे प्लवकांवर राहून लहानच राहतो. ओपिऑंगोत सिस्को १९४८ मध्ये सोडले आणि तिथला ट्राउट मोठा होऊ लागला. तिथल्या हार्कनेस संशोधन केंद्राने मच्छीमारांच्या मिळकतीची नोंद १९३६ पासून ठेवली आहे, म्हणून हे नक्की सांगता येतं. सिस्को असलेल्या तळ्यात लांबट चंदेरी स्पून, नसलेल्या तळ्यात ५-६ सेंटिमीटरचा बारीक.

सोडून द्यायचा असेल तर जुलैत घाई करा. खोलवरून वर येताना ट्राउट तोंडावाटे हवा सोडतो, पाण्यावर बुडबुडे दिसतात, त्यामुळे पोट फुगून मरण्याची भीती बास माशाइतकी नसते. त्याला मारतं ते २० अंशांच्या पुढचं वरचं पाणी आणि लांबलेली लढाई. गळाचे काटे चिमट्याने चेपून ठेवा, मासा पाण्यातच सोडवा, डोकं खाली करून खोल ढकला. जेवढे ठेवायचे तेवढे मिळाले की जुलैत थांबावं, ‘पकडून सोडू’ म्हणत दिवसभर ओढत राहणं या माशाला महाग पडतं. हा मासा सहा-आठ वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा अंडी घालायच्या वयाचा होतो.

ठेवलेला मासा दोरीला बांधून गरम पाण्यात लोंबवू नका, मांस मऊ पडतं. लगेच मारा, रक्त काढा, आतडी काढा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आतडी तंबूपासून लांब टाका, अस्वलं आहेत. मांस तेलकट असल्याने लहान मासा रवा-मसाला लावून छान होतो, पण तेल अगदी कमी घाला. मोठ्याचे तुकडे निखाऱ्यावर बरे. मोठ्या ट्राउटमध्ये पारा जास्त साठतो, तेव्हा महिन्याला किती खावा ते ऑन्टारियो सरकारच्या मासे खाण्याच्या मार्गदर्शिकेत तळ्याच्या नावाने आणि लांबीने दिलेलं असतं. गरोदर बाई किंवा लहान मूल जेवणार असेल तर आधी ते बघून मगच कोणता मासा ठेवायचा ते ठरवा.